आवाज कसला, यापेक्षा आवाज कधी?



आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात अजूनही काही घरांच्या मागच्या अंगणात, नाहीतर संत्र्याच्या बगिच्यातल्या शेडमध्ये एखादी प्रीमिअर पद्मिनी, अँबॅसडर किंवा महिंद्राची जुनी जीप उभी दिसते. ती रोज रस्त्यावर येत नाही. पोळ्याच्या सणाला, जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनाला, घरातल्या लग्नाला तेवढी निघते. आजोबांनी किंवा बाबांनी घेतलेली असते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा जीव असतो.

आणि मग एक दिवस ती खरखर करायला लागते. क्लच दाबला की बारीक किंकाळी, गिअर टाकला की कचकच, नाहीतर चालताना एकसारखा घूंऽऽ असा सूर. गाडी गॅरेजला जाते, मिस्त्री दोन मिनिटं ऐकतो आणि सांगतो, "भाऊ, डबा उतरवाच लागन." डबा म्हणजे गिअरबॉक्स. घरी दोन तट पडतात. एक म्हणतो, दुरुस्त करू. दुसरा म्हणतो, किती दिवस हे लोढणं सांभाळायचं, देऊन टाका भंगारात.

या दोन मतांच्या मध्ये दहा मिनिटांचं एक काम राहून जातं. ते घरच्या घरी होतं, त्याला पानासुद्धा लागत नाही. आज त्याबद्दल बोलू.

डबा उघडण्याची घाई का नको

पद्मिनी मुळात इटलीच्या फियाट ११०० घराण्यातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, ताकद मागच्या चाकांना आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्याच महिन्यात इकडे आपला पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून त्यात आलं. अँबॅसडर त्या मानाने उशिरापर्यंत टिकली. बंगालमधल्या हिंदमोटर-उत्तरपाडा इथल्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत बनत होती.

हे सांगण्याचं कारण असं की या गाड्यांचे क्लचचे भाग अजून मिळतात, पण गिअरबॉक्सच्या आतले गिअर आणि सिंक्रो रिंगा शोधाव्या लागतात. नागपुरात नाही मिळालं तर मुंबईला विचारा, तिथे नाही तर कुणाच्या जुन्या गाडीतून काढा. डबा उघडून ठेवलेला, गिअर तेलकट पोत्यावर मांडलेले आणि एका रिंगेसाठी गाडी सहा महिने गॅरेजच्या कोपऱ्यात, हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. एवढ्या दिवसांत दोन-तीन छोटे भाग हरवतात, घरच्यांचा उत्साह संपतो आणि शेवटी भंगारवालाच येतो. गाडी मूळ दोषाने मेलेली नसते. ती चुकीच्या जागी उघडल्याने मेलेली असते.

म्हणून पहिला नियम: आवाज कसला आहे यावर वाद घालू नका. कुणाला खरखर वाटते, कुणाला घरघर. त्यापेक्षा आवाज कधी येतो आणि कधी थांबतो ते पाहा. पाय कुठे होता, गिअर कोणता होता, गाडी उभी होती की चालत होती, ॲक्सिलेटर दाबलेला होता की सोडलेला, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्ध्याहून अधिक निदान झालं म्हणून समजा.

आत काय फिरतं, केव्हा फिरतं

थोडं यंत्र समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

इंजिनच्या मागे एक जड चाक असतं, ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट आणि तिच्यावर स्प्रिंगच्या जोराने दाबलेली प्रेशर प्लेट. दोन थाळ्यांच्या मध्ये तिसरी थाळी घट्ट दाबून धरावी, तशी ही रचना. मधल्या थाळीतून जो दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो तो इनपुट शाफ्ट. त्याचं पुढचं टोक इंजिनच्या क्रँकमध्ये एका छोट्या बुशवर किंवा बेअरिंगवर टेकलेलं असतं, त्याला पायलट बुश म्हणतात.

आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकतं आणि प्रेशर प्लेटची पकड सोडवतं. जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या काही गाड्यांत तिथे बेअरिंगऐवजी कार्बनची कडी असते. काम तेच.

आता महत्त्वाचं. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू आणि पाय पेडलवर नाही, तेव्हा गिअरबॉक्समधला इनपुट शाफ्ट आणि खालचा ले शाफ्ट फिरत असतात. रिलीज बेअरिंगवर तेव्हा जोर नसतो. पेडल पूर्ण दाबलं की उलटं होतं. रिलीज बेअरिंगवर जोर येतो आणि इनपुट शाफ्ट हळूहळू थांबतो. म्हणजे आपला पाय हाच एक स्विच आहे. वर असला की गिअरबॉक्स बोलतो, खाली गेला की क्लच बोलतो. गाडीचा एकही नट न सोडता आपण दोघांना वेगवेगळं बोलायला लावू शकतो.

अंगणातली तपासणी

गाडी सपाट जागी, उघड्यावर लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर कोंडतो. हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन पाच-सात मिनिटं गरम होऊ द्या. एक जण सीटवर, दुसरा बाहेर बाजूला. गाडीच्या थेट पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही, मुलं तर अजिबात नाहीत. बॉनेट उघडं असेल तर ओढणी, पदर, मफलर फॅनपासून लांब.

बाहेर ऐकायला घरातल्या तरुण माणसाला उभं करा. यात मोठ्यांचा अपमान नाही. वय वाढतं तसं बारीक, उंच सुराचे आवाज कानाला कमी ऐकू येतात. एका घरी मी पाहिलं, आजोबा ठामपणे म्हणत होते की गाडीला काहीच नाही, आणि कॉलेजातली नात म्हणत होती की आबा, चीं असा आवाज सारखा येतोय. दोघंही खरं बोलत होते. रिलीज बेअरिंगचा सुरुवातीचा आवाज अगदी असाच बारीक असतो.

पहिली पायरी. गिअर न्यूट्रल, पाय पेडलवरून पूर्ण काढलेला. आता घरघर येते का? येत असेल तर पेडल हळूहळू पूर्ण दाबा. दोन-तीन सेकंदांत घरघर विरली आणि पाय सोडताच परत आली, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगांवर घ्यावा, म्हणजे इनपुट शाफ्टचं किंवा ले शाफ्टचं बेअरिंग. पण डबा उघडण्याआधी ऑइलची पातळी पाहा. कोरडा पडलेला गिअरबॉक्सही असाच कण्हतो.

इथेच आणखी एक गोष्ट करून पाहा. पद्मिनी आणि जुन्या अँबॅसडरमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असतो आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे जातात. त्यांच्यातले बुश झिजले की इंजिन मंद चालू असताना खडखड होते, आणि ती गिअरबॉक्सची वाटते. दांडा हाताने हलकेच धरा. आवाज थांबला तर गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. बुश बदलून काम होतं.

दुसरी पायरी. पाय पेडलवर नुसता टेकवा. सुरुवातीचा ढिला भाग संपून पेडलला विरोध लागतो, त्या क्षणी कान द्या. तिथेच चीं किंवा किर्र सुरू होत असेल आणि दाबत जाल तशी वाढत असेल, तर रिलीज बेअरिंग. क्लचचा हा सगळ्यांत नेहमीचा आवाज. याचं नेहमीचं कारण सवय आहे. डावा पाय सतत पेडलवर ठेवून गाडी चालवली की बेअरिंग विनाकारण फिरत राहतं आणि झिजतं. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहण्याचंही तेच.

तिसरी पायरी. पेडल पूर्ण दाबा आणि पहिला गिअर टाका. पेडल दाबूनच ठेवा, गाडी उभीच. आता इनपुट शाफ्ट थांबलेला आहे आणि क्रँक फिरतो आहे, म्हणजे पायलट बुशवर घासण आहे. पेडल टेकवताना आवाज नव्हता, पण इथे किंचाळल्यासारखा आला, तर पायलट बुशचा संशय. लगेच न्यूट्रल करा, मग पाय सोडा.

चौथी पायरी. न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून मनात चारपर्यंत मोजा, मग सावकाश रिव्हर्स टाका. कचकच न होता गेला तर क्लच नीट सुटतो आहे. चार मोजूनही दात वाजले तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलला ढील जास्त आहे का, तार ताणली आहे का, आणि क्लचला ब्रेकसारखं तेल असेल तर टाकीतली पातळी उतरली आहे का, खालचा सिलिंडर ओला आहे का, हे पाहा. यातलं बरंचसं काम गिअरबॉक्स न उतरवता होतं. पेडलची ढील बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन-अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. ढील अजिबात नसेल तर उलटा त्रास: क्लच पुरता बसत नाही, घसरतो आणि जळतो.

रस्त्यावर काय ऐकायचं

अंगणात जे कळलं नाही ते रस्त्यावर कळतं. सकाळी गर्दी नसताना सपाट रस्त्यावर जा. काचा एकदा खाली, एकदा वर.

आधी प्रत्येक गिअर टाकताना ऐका. सगळेच गिअर कचकचत असतील तर दोष क्लचकडे. एकच गिअर, समजा दुसरा, कचकचत असेल आणि बाकीचे लोण्यासारखे जात असतील, तर त्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग झिजली आहे. पण पद्मिनीच्या आणि जुन्या अँबॅसडरच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच. चालत्या गाडीत पहिला टाकताना दात वाजले तर तो दोष नाही, ती त्या गाडीची रीत आहे. जुने ड्रायव्हर यासाठी डबल क्लच करायचे. क्लच दाबून न्यूट्रल, पाय सोडून ॲक्सिलेटरला हलकी थाप, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. मारुतीवर शिकलेल्या आजच्या मुलांना हे कुणी शिकवलेलं नसतं. गाडी खराब म्हणण्याआधी त्यांना एकदा शिकवून पाहा.

तसाच रिव्हर्सचा सूर. मागे घेताना बहुतेक गाड्या घूं करतात, कारण रिव्हर्सच्या गिअरचे दात सरळ असतात. पुढच्या गिअरचे दात तिरपे असल्यामुळे ते शांत चालतात. हा आवाज दुरुस्तीचा नाही.

आता चालताना येणारा घूं. पुढची युक्ती पद्मिनी, अँबॅसडर अशा मागच्या चाकांच्या चार-गिअरी गाड्यांना लागू पडते. या गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो. ताकद इनपुट शाफ्टमधून थेट मागे जाते, ले शाफ्ट नुसता रिकामा फिरतो. म्हणून पहिला, दुसरा, तिसरा यांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर दोष ले शाफ्टच्या बाजूला. एकाच गिअरमध्ये घूं असेल तर त्या गिअरचे दात. आणि चौथ्यासकट सगळ्यांत सारखाच आवाज असेल, तर थोडं थांबा. तो गिअरबॉक्सचा असेलच असं नाही.

खात्री करायला सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग धरून क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवायचं. आवाज तसाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर कमी होत गेला, तर तो मागच्या चाकांचं बेअरिंग, टायर किंवा डिफरेन्शियल यांचा असण्याची शक्यता जास्त. वळणावर एका बाजूला आवाज वाढला तर चाकाचं बेअरिंग आधी पाहा. ॲक्सिलेटर दाबताना एक सूर आणि सोडताना वेगळा सूर असेल, तर क्राउन-पिनियन. गाडी सुटताना किंवा पाय काढून पुन्हा दाबताना खट् असा एकच ठोका आला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. क्रॉस बदलणं हे गिअरबॉक्सच्या मानाने लहान काम आहे. एवढ्या तपासणीने मोठा खर्च वाचू शकतो.

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांच्या गाडीला चौथ्या गिअरचा हा नियम लावू नका, तिची रचनाच वेगळी. तिच्यात पूर्ण वळण घेताना कट्-कट् वाजलं तर बाहेरचा ॲक्सल जॉइंट. आणि जीपवाल्यांनी लक्षात ठेवावं की तिच्या ट्रान्स्फर केसचे गिअर तब्येत ठीक असतानाही गातात. नवीन सूर लागला तरच काळजी करा.

जे ऐकू येत नाही तेही

क्लच घसरतो तेव्हा आवाज नसतो. इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही, आणि जळकट वास येतो. शंका असेल तर सपाट जागी, पुढे कुणी नसताना, हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि पेडल हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड ठीक आहे. आरामात चालूच राहिलं तर प्लेट संपत आली. ही परीक्षा एकदाच करायची, हौस म्हणून पुन्हा पुन्हा नाही.

गाडी सुटताना थरथरत असेल तर प्लेटवर ऑइल आलं आहे का, आणि त्याआधी इंजिनच्या रबरी फाउंडेशन फाटल्या आहेत का, ते पाहायला सांगा. फाउंडेशन बाहेरूनच बदलता येतात.

आणि ऑइल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात, हळद-तूप लावतात, कारण वर्षभराचं जू त्या खांद्यावर असतं. गाडीत जू गिअरबॉक्सच्या खांद्यावर असतं, आणि आपण इंजिन ऑइल वेळेवर बदलतो पण गिअर ऑइल विसरतो. ते एकदा स्वच्छ भांड्यात काढून उन्हात पाहा. सोनेरी चमक अगदी बारीक असेल तर सिंक्रोच्या पितळेची नेहमीची झीज. बोटाला टोचतील असे लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर गाडी पुढे चालवू नका. ऑइल पुस्तकात सांगितलेलंच घाला. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असं लिहिलेलं असतं. जीएल-५ मधली काही रसायनं जुन्या पितळी रिंगांना मानवत नाहीत, म्हणून जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असं समजू नका.

जुनी गाडी विकत घेत असाल तर गिअर ऑइल जरूर काढून पाहा. खूप जाड ऑइल किंवा लाकडाचा भुसा घालून गिअरबॉक्सचा आवाज दाबण्याची युक्ती जगभर जुनी आहे. आवाज दबतो, झीज मात्र चालूच राहते.

घाटाआधीचा एक प्रश्न

इतका वेळ पैशांबद्दल बोललो. आता जिवाबद्दल. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. पांढुर्ण्याहून मुलताईकडे जातानाही चढ आहेच. चढताना जुनी गाडी तापते, दमते, पण थांबता येतं. खरी परीक्षा उतरताना होते.

उतारावर गाडीला आवरण्याचं अर्धं काम गिअर करतो. झिजलेल्या गिअरबॉक्सचा एक दोष असा की ॲक्सिलेटरवरून पाय काढला की गिअर आपोआप सुटतो आणि दांडा न्यूट्रलला येतो. नेमका उतारावर पाय काढलेला असतो, आणि नेमकी तिथेच गाडी मोकळी सुटते. मग सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापले की तेही सोडतात. काही जण एका हाताने दांडा दाबून धरून घाट उतरतात आणि त्याला चतुराई समजतात. दुसऱ्या हाताने वळणं सांभाळायची आणि मागे बायका-पोरं बसलेली. मंडळी, ही चतुराई नव्हे.

तपासणी सोपी आहे. सपाट रस्त्यावर कमी वेगात प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबा आणि एकदम सोडा. हात दांड्यावर ठेवायचा नाही. दांडा उडी मारत असेल, नुसता सरकत असेल तरीसुद्धा, घाटाचा बेत रद्द. कारण किरकोळही असू शकतं. गिअरबॉक्सची रबरी फाउंडेशन ढिली, दांड्याच्या सळ्यांची सेटिंग चुकलेली, नाहीतर आतली छोटी स्प्रिंग थकलेली. दातच झिजलेले असतील तर मात्र डबा उतरवावाच लागेल, आणि तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं बरोबर असेल. सर्व ठीक असलेल्या गाडीनेही घाट उतरताना न्यूट्रल करायचं नाही, क्लच दाबून ठेवायचा नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

मिस्त्रीशी बोलताना

हे सगळं वाचून गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रीला शिकवू नका. त्याचे हात आपल्यापेक्षा जास्त गाड्यांतून गेलेले आहेत. फक्त "आवाज येतो" एवढंच न सांगता चार ओळी लिहून न्या. उदाहरणार्थ: "गाडी गरम झाल्यावर येतो. न्यूट्रलमध्ये नाही. पेडल टेकवलं की सुरू, सोडलं की बंद. गिअर सगळे नीट पडतात." एवढं ऐकलं की चांगला मिस्त्री स्वतःच म्हणेल, बेअरिंग दिसते. आवाज मोबाइलवर टिपून ठेवा, कारण गॅरेजच्या दारात पोहोचताच गाडी गप्प होते हा सगळ्यांचाच अनुभव. टिपताना तोंडाने सांगत जा, "आता पेडल दाबलं, आता सोडलं," म्हणजे नागपूरच्या ओळखीच्या मिस्त्रीलाही ते पाठवता येईल.

काम ठरलंच तर दोन गोष्टी आधी बोलून घ्या. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच लागते. म्हणून तो खाली असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश आणि ऑइल सील, सगळं तपासून जे झिजलंय ते एकाच वेळी बदला. बेअरिंग वाचवायला गेलात तर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा. आणि गिअरबॉक्स आतून उघडायचा असेल, तर लागणारे भाग मिळतात का याची चौकशी उघडण्याआधी करा. भाग हातात, मग डबा खाली. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही शिरू देऊ नका. खाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ओंडके हवेतच.

ठेवायची की काढायची?

हा प्रश्न शेवटी घरातच सुटायचा. कायद्याचं एवढं लक्षात असू द्या: खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि तेव्हा गाडीची तपासणी होते. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने विंटेज नोंदणीचा वेगळा नियम केला. ती नोंदणी १० वर्षांची असते, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे १९७४-७५ ची पहिली पद्मिनी आता त्या वयात पोहोचली आहे.

काढायची ठरली तर जरूर काढा, त्यात गाडीचा अपमान नाही. पण तो निर्णय गाडीची खरी अवस्था कळल्यावर व्हावा. रिलीज बेअरिंगच्या किंकाळीला घाबरून आजोबांची गाडी भंगारात जाऊ नये, आणि सुटणारा गिअर माहीत असताना माया म्हणून ती घाटातही जाऊ नये. दोन्हींसाठी लागतात दहा मिनिटं, एक मोकळं अंगण आणि घरातले दोन कान.

या रविवारी करून पाहा. नातवंडांना ऐकायला उभं करा, आजोबांना सीटवर बसवा, आणि चार ओळी कागदावर लिहा. लिहिलेलं आम्हालाही कळवा. पुढच्या अंकात घाटाचाच धागा पुढे नेऊ आणि जुन्या गाडीच्या ब्रेककडे वळू.